प्रेदूसाठी मेंढ्या मागणारी रायमोंदा

रायमोंदाबद्दल आमच्या ओर्तुले गावात आजही दोन तट आहेत. एक म्हणतो, ती देवमाणूस होती. दुसरा म्हणतो, तिच्या मनात काय होतं ते तिच्याबरोबरच मातीत गेलं. मी तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या परसात एकच भिंत होती आणि भाकरीची भट्टीही सामाईक होती. तरी मी कुठल्या तटात, हे कुणी विचारलं तर मी चटकन उत्तर देत नाही. आधी विचारणारा कोण आहे ते बघते.

आमचं गावच तसं आहे. बेटावरच्या डोंगरातलं, मेंढपाळांचं. रस्त्यात कुणी नेहमीपेक्षा जरा जास्त हसून बोललं, तर माणूस घरी येऊन आधी कुलूप तपासतो.

रायमोंदाचा नवरा बाकीस छातीच्या दुखण्याने लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. दिराने कळप विकायला सांगितला, तेव्हा तिने नवऱ्याचा जाड कोट अंगात घातला, त्याची काठी घेतली आणि स्वतःच मेंढ्यांमागे डोंगरावर गेली. बाईने कळप राखायची आमच्याकडे रीत नाही, त्यामुळे त्यावरही बोललं गेलंच. ती ऐकून घ्यायची. ठेंगणी होती, चालायची भराभर, बोलायची कमी. चर्चमध्ये सगळ्यात मागे, दाराजवळ बसायची, कारण कोटाला मेंढ्यांचा वास यायचा आणि पुढच्या बायका नाकाला रुमाल लावायच्या.

एका हिवाळ्यात सकाळी ती वाडग्यावर गेली तर वाडगं रिकामं. एक मेंढी शिल्लक नाही. खुरांच्या खुणा ओढ्यापर्यंत जात होत्या, पुढे पाण्यात विरून गेल्या. ओढ्यापलीकडे प्रेदूचं रान. प्रेदू तेव्हा ऐन तिशीत, नुकतं लग्न झालेला, डोक्याने गरम. बाकीस जिवंत असताना दोघांचं त्या ओढ्याच्या पाण्यावरून वाजलं होतं. पोलीस आले. प्रेदू म्हणाला, मी घरी झोपलो होतो. त्याची बायको असुंता म्हणाली, हो, झोपले होते. चोरीची मेंढी ओळखायची ती कानावरच्या कापाने, आणि चोर पहिल्यांदा कानच छाटतो. काही सापडलं नाही. पण चोर कोण, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे पाहिलं कुणीच नव्हतं, तरी ठाऊक मात्र सगळ्यांना होतं.

आमच्याकडे पारादुराची चाल आहे. मेंढपाळाचा कळप गेला की घरटी एक मेंढी देऊन गाव त्याला पुन्हा उभं करतं. रायमोंदालाही दिल्या. तिने प्रत्येकाच्या दारी जाऊन आभार मानले. पण चोराचं नाव घ्यायला ती तयार होईना.

"कोण होता, तेवढं तर बोल," चिक्का तिला म्हणाली. चिक्का म्हणजे आमच्या भट्टीवरची तिसरी. आमची कागदासारखी पातळ भाकरी भाजायला तिघी लागतात. मी लाटायची, रायमोंदा भट्टी बघायची, आणि चिक्का फुगलेल्या भाकरीचे दोन पदर सोडवायची आणि तोंड चालवायची.

"मी बघितलं नाही," रायमोंदा म्हणाली.

"अगं, सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग गावाला विचार."

चिक्काला याचा भारी राग आला. आमच्या मेंढ्या घ्यायला चालतात, आणि आमच्या बाजूने दोन शब्द बोलायला नको, असं ती महिनाभर म्हणत होती. तेव्हापासून गावाने प्रेदूला वाळीत टाकल्यासारखं केलं. लोकर कातरायला त्याला कुणी बोलवेना, त्याच्याकडे कुणी जाईना. त्याच्या पोराच्या बाप्तिस्म्यालाही मोजकीच माणसं होती.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका जुलैत, दक्षिणेचा गरम वारा सुटलेला असताना, प्रेदूच्या रानात वणवा पेटला. दुपारची वेळ, मेंढ्या सावलीला कोंडलेल्या. प्रेदू धावत पोहोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. त्याचे हात भाजले ते वाडग्याचं फाटक ओढताना. तो जळका वास कित्येक दिवस गावातून हलला नाही. वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा तोच वास.

दुसऱ्या दिवशी आमची भट्टी होती. चिक्का म्हणाली, "देवाने बघितलं बरं. उशिरा का होईना, बघितलं."

रायमोंदा भाकरी उलटत होती. म्हणाली, "देवाचं मेंढ्यांशी काय वैर?"

एवढंच बोलली. भाकऱ्या झाल्यावर तिने हात धुतले, वाडग्यात गेली आणि पहिल्यांदाच गाभण राहिलेली आपली सगळ्यात चांगली मेंढी दोराला बांधून प्रेदूच्या घराकडे निघाली. परत आल्यावर माझ्या दारात उभी राहिली. "बातिस्तीना, मी घरोघर जाणार आहे. प्रेदूसाठी मेंढ्या मागायला. येतेस?"

मी गेले. सोबत म्हणून नाही. हिच्या डोक्यात काय शिजतंय ते मला बघायचं होतं.

पहिलं घर तोनियूचं. गावातला सगळ्यात मोठा कळप त्याचा. त्याने दार अर्धंच उघडलं आणि दोन्ही बाजूंना बघून घेतलं.

"कुणासाठी म्हणालीस?"

"प्रेदूसाठी."

"तुझा कळप नेला त्याने आणि तूच त्याच्यासाठी भीक मागतेस?"

"नेला की नाही ते मला माहीत नाही. त्याचा जळाला ते मात्र मी पाहिलं."

तोनियूने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तो रायमोंदाच्या जवळ आला आणि हळूच म्हणाला, "मला सांगायला हरकत नाही. तुला त्याच्या वाडग्यात शिरायचंय, हो ना? आत काही जुनं सापडतंय का बघायला? तुझ्या मेंढ्यांच्या गळ्यातली घंटा वगैरे?"

"घंटा शोधायची असती तर पोलिसांना नेलं असतं. तुझ्याकडे कशाला आले असते?"

"तेच मला कळत नाहीये," तोनियू म्हणाला. "विचार करतो." आणि आतून कडी घातली. ती कडी आम्हा दोघींनाही ऐकू आली.

सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. कुणी म्हणालं, हिला प्रेदूची ओढ्याकाठची जमीन हवीय, त्याला आधी मिंधा करून ठेवतेय. कुणी म्हणालं, वय झालं, डोकं फिरलं. मी माझी एक म्हातारी मेंढी दिली, शेजारधर्म म्हणून. आणखी दोन-तीन घरांनी दिल्या, त्याही बहुतेक तिला दारातून घालवण्यासाठी.

मग आम्ही फादर एफिजिओंकडे गेलो. भला माणूस, पण भित्रा. त्यांनी आम्हाला कॉफी दिली आणि कपात बराच वेळ चमचा फिरवत बसले.

"रायमोंदा, तुझा हेतू चांगला आहे. मला शंका नाही. पण लोक भलताच अर्थ काढतील."

"फादर, शत्रूवर प्रीती करायचा तो भाग तुम्हीच वाचलात ना मागे?"

"दर वर्षी वाचतो. तो त्या त्या रविवारी येतो, म्हणून वाचतो."

"मग मला वाटलं, करायचाही असेल."

फादर लाल झाले. ती टोमणा मारत नव्हती. मी तिला इतकी वर्षं ओळखते. तिने साधं विचारलं होतं, आणि त्यामुळेच ते त्यांना जास्त लागलं.

त्याच आठवड्यात पोलीस ठाण्यातून तिला बोलावणं आलं. वणव्याच्या दिवशी सकाळी कुणीतरी तिला प्रेदूच्या रानाच्या वरच्या अंगाला पाहिलं होतं आणि ठाणेदाराच्या कानावर घातलं होतं. कुणी, ते आजतागायत कळलं नाही. मला चिक्काचा संशय आहे, पण तिला माझा आहे, त्यामुळे आम्ही तो विषय काढत नाही.

मी रायमोंदाला म्हटलं, "हे बघ, मी सांगते की सकाळभर तू माझ्याबरोबर भट्टीवर होतीस."

"भट्टी दुसऱ्या दिवशी पेटवली आपण."

"ठाणेदार समुद्रापलीकडून आलेला माणूस. त्याला काय कळतंय आपली भट्टी कधी पेटते ते?"

"मला कळतंय ना."

"तू आत जाशील, बाई. तिथे कुणी शुभवर्तमान ऐकायला बसलेलं नाही."

"तू खोटं बोलायचंस आणि मी घरी झोपायचं, हे कसं व्हायचं?" ती म्हणाली आणि कोट घालून निघाली. जुलैतसुद्धा कोट.

मी ठाण्याच्या बाकावर बसून सगळं ऐकलं, दार उघडंच होतं. ठाणेदाराने विचारलं, त्या सकाळी तिथे होतीस का? ती म्हणाली, होते. कशाला? एक मेंढी चुकली होती, ती शोधायला. सापडली? नाही, ती आपली आपण घरी आली. प्रेदूशी तुझं वाकडं आहे? बोलणं नाही. हातात काय होतं? काठी. खिशात? त्यावर तिने खिशात हात घातला आणि टेबलावर सुरी, दोरीचा गुंडा, भाकरीचा तुकडा आणि काडेपेटी ठेवली.

"आणि ही त्या दिवशीही होती?" ठाणेदाराने काडेपेटी उचलली.

"नेहमीच असते. डोंगरावर चूल पेटवायला लागते."

मी बाकावर कपाळाला हात लावला. काडेपेटी खिशातच राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. ठाणेदार तिच्याकडे बघतच राहिला. इतकं सरळ बोलणाऱ्या माणसावर संशय घ्यावा की घेऊ नये, हे त्याला कळेना. मग त्याने घेतलाच. संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं, फिरवून फिरवून तेच विचारलं, आणि गाव सोडायचं नाही असं बजावून घरी पाठवलं.

आता मात्र गावाला सगळं लख्ख दिसलं. आग हिनेच लावली. इतकी वर्षं गप्प राहून डाव साधला, आणि आता मन खातंय म्हणून मेंढ्या वाटतेय. ज्यांनी मेंढ्या दिल्या होत्या त्यांतले दोघे त्या परत न्यायला तिच्या वाडग्यावर आले. चिक्काने भट्टीवर यायचं सोडलं. भाकरीचे पदर मलाच सोडवावे लागले आणि बोटं पोळली. मीसुद्धा भाकरी लाटता लाटता मधूनच रायमोंदाच्या हातांकडे बघायची. ती भट्टीत लाकडं सारायची तेव्हा विशेष.

एका सकाळी प्रेदू आला. तिने दिलेली मेंढी दोराला धरून तो तिच्या फाटकाबाहेर उभा राहिला. हातांना पट्ट्या होत्या. मी भिंतीपलीकडे कपडे वाळत घालत होते, ते तसेच हातात धरून थांबले.

"बाई, तू पेटवलंस?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग ही कशाला?"

"तुझ्याकडे एकही उरली नाही म्हणून."

"मला कशाचा मोबदला देतेस तू? मी काय केलंय?"

"तू काही केलंयस असं मी कधी म्हटलं?"

"तोंडाने नाही म्हटलंस." प्रेदूचा आवाज चढला. "डोळ्यांनी म्हणतेस. चर्चमध्ये, रस्त्यात, ओढ्यावर. इतकी वर्षं. गाव शिव्या देतं ते परवडलं, तुझं ते गप्प बघणं नको."

रायमोंदा दाराकडे वळली. मला वाटलं, आता आत जाईल आणि दार लावून घेईल.

"डोळ्यांचं असेल तसं," ती शेवटी म्हणाली. "हातापायांना सांगितलं की ऐकतात. डोळ्यांचं अजून जमत नाही. पण मेंढी घेऊन जा. ती गाभण आहे, तिला उन्हात उभं करू नकोस."

प्रेदूने मेंढीकडे बघितलं. मग दोर मनगटाला गुंडाळून मेंढी घेऊन गेला. पण विश्वास ठेवला असं समजू नका. त्याने ती वेगळ्या कुंपणात ठेवली आणि जनावरांच्या डॉक्टरला बोलावून तिचं रक्त तपासून घेतलं. रायमोंदा आपल्याला रोगट जनावर देऊन उरलासुरला नाश करतेय, अशी त्याची समजूत. डॉक्टरने बारमध्ये बसून सगळ्यांना सांगितलं, "यंदा इतकं निरोगी जनावर मी पाहिलेलं नाही. त्याने मला तिचे दात दोनदा बघायला लावले."

वणव्याचा तपास शरद ऋतूपर्यंत चालला आणि मग आपोआप थांबला. आग कशी लागली ते कळलं नाही. रायमोंदाविरुद्ध काही सापडलं नाही, तसं तिच्या बाजूनेही काही सापडलं नाही. ती मात्र घरोघर जायची थांबली नव्हती. ज्यांनी नाही म्हटलं होतं त्यांच्याकडेही पुन्हा जायची, दारात उभी राहून तेवढंच मागायची आणि नाही म्हटलं की परत फिरायची.

पहिल्यांदा हलले ते फादर एफिजिओ. चर्चला कुणीतरी नवसाची एक मेंढी दिली होती, ईस्टरला विकायची म्हणून ठेवलेली. एका रविवारी प्रार्थना झाल्यावर फादर स्वतः ती ओढत चौकातून प्रेदूच्या घराकडे निघाले. मेंढी अडून बसायची, फादर झग्यानिशी घामाघूम, आणि बारमधले सगळे बाहेर येऊन बघतायत. घडलं ते एवढंच. पण पाद्र्याने दिली आणि तोनियूने नाही, हे तोनियूला सहन होईना. त्याने दोन पाठवल्या. त्याने दोन दिल्यावर त्याच्या मेव्हण्याला देणं आलं. मग ज्यांनी परत नेल्या होत्या त्यांनाही लाज वाटली. मी अगदी खात्रीने सांगते, त्यांतल्या एकानेही प्रेमाने दिली नसेल. कुणी हट्टाने, कुणी लाजेने, कुणी दुसऱ्याने दिली म्हणून. पण हिवाळा लागेपर्यंत प्रेदूच्या वाडग्यात कळप उभा राहिला, आणि मेंढ्यांना हेतू कुठे कळतात.

मी रायमोंदाला हेच म्हटलं तर ती म्हणाली, "असू दे. दूध तर तेवढंच देतील."

पुढच्या वसंतात तिच्याकडे लोकर कातरायचा दिवस होता. माणसं कमीच आली होती, संशय काही गेला नव्हता. आणि न बोलावता प्रेदू आला. आपली कातर घेऊन आला, कोपऱ्यात बसला, मेंढी मांड्यांत धरली आणि कामाला लागला. सगळ्यांच्या कातरी थांबल्या. तोनियूने तर आपला कोट उचलून जवळ घेतला, जणू प्रेदू खिसा कापायला आलाय.

दुपारी रायमोंदाने सगळ्यांना उकडलेलं मटण आणि भाकरी वाढली. प्रेदूसमोर ताट ठेवलं. तो ताटाकडे बघत राहिला. भूक लागली होती हे दिसत होतं, पण हात पुढे होईना. त्याचं काय चाललंय ते तिथल्या प्रत्येकाला कळलं. रायमोंदालाही. ती वाढत वाढत मागे आली, त्याच्या ताटातला एक तुकडा उचलला, तोंडात टाकला आणि चावत चावत पुढच्याला वाढायला गेली. रागावली नाही, हसलीही नाही. प्रेदूने खाली मान घालून ताट साफ केलं.

त्यानंतर दर वर्षी तो कातरायला यायचा. दोघांत बोलणं फार नसायचं. "मावशी, ही लंगडतेय." "बघते." एवढंच. चोरीचा विषय तिने कधी काढला नाही, त्यानेही काढला नाही.

एकदा मात्र मी काढला. रायमोंदाचे पाय तेव्हा कामातून गेले होते आणि तिच्या मेंढ्या प्रेदूच राखत होता. तिच्याकडून एक दमडी न घेता. मला ते काही पटेना. ओढ्याच्या वाटेवर मी त्याला गाठलं आणि सरळ विचारलं, "प्रेदू, त्या हिवाळ्यात तूच होतास ना?"

तो थांबला. "तिने विचारायला पाठवलंय?"

"नाही. मी विचारतेय."

"मग तुला कशाला सांगू?" तो म्हणाला आणि मेंढ्यांना शीळ घालून पुढे गेला. मी त्या उत्तराचा खूप कीस काढला. चोरी केली नसती तर सरळ नाही म्हणाला असता, असंही वाटतं. आणि प्रेदू असा ताठ माणूस, की न केलेल्या गोष्टीलाही नाही म्हणणार नाही, असंही वाटतं. रायमोंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "तू का विचारलंस? मेंढ्या तुझ्या होत्या का?" माझ्यावर ती इतकी चिडलेली मी त्या एकदाच पाहिली.

शेवटची दोन वर्षं ती अंथरुणावरच होती. प्रेदूची बायको असुंता तिला आंघोळ घालायला, वेणी घालायला यायची. ती आली की मीही जायची आणि खुर्ची टाकून बसायची. विणकाम हातात असायचं, पण नजर असुंताच्या हातांवर. कपाट उघडते का, औषधाच्या बाटलीला हात लावते का. असुंताला ते कळायचं. ती बाटली मुद्दाम माझ्यासमोर धरून विचारायची, "बातिस्तीना मावशी, हीच ना? नीट बघून सांगा." रायमोंदा उशीवर डोळे मिटून पडलेली असायची आणि म्हणायची, "दोघी मिळून मला मारणार तुम्ही. एक पाण्याने आणि एक पहाऱ्याने."

एका दुपारी माझ्या घरी कणीक भिजवलेली होती, ती आंबून वर येत होती. मी उठले, असुंताला म्हटलं, "मला भट्टी पेटवायचीय. तू बघशील ना?" ती हो म्हणाली आणि मी घरी आले. भाकऱ्या लाटताना मध्येच लक्षात आलं की मी त्या दोघींना एकटं सोडून आलेय. उठून जावंसं वाटलं, मग वाटलं, राहू दे.

रायमोंदा फेब्रुवारीत गेली, सकाळी, असुंता आणि मी दोघी समोर असताना. गावात त्याच दिवशी सुरू झालं. प्रेदूला मेंढ्या मिळणार, म्हणून इतकी सेवा केली म्हणे. मेंढ्या तिने चर्चच्या नावे केल्या होत्या, हे कळल्यावर म्हणाले, मग फादरनेच काहीतरी केलं असणार.

आमच्याकडे मेलेल्या माणसाला घरच्या बायकांनी आंघोळ घालायची असते. रायमोंदाला घरच्या बायका नव्हत्या. असुंता दारात थांबली, आत यावं की नाही, माझ्याकडे बघत. मी बाह्या वर केल्या आणि म्हटलं, "उभी काय राहिलीस? पाणी गार होतंय." ती आत आली. तिने डोकं उचलून धरलं, मी केसांवर पाणी ओतलं.